मदर म्हणाल्या, बस

४ फेब्रुवारी

राग आला की ओरडायच्या आधी लिहून काढत जा, असं फादर म्हणाले. ही वही त्यासाठी. "सिस्टर, तुमचा आवाज लेबर रूममधून चॅपलपर्यंत येतो, मला प्रवचन थांबवावं लागतं." मी म्हटलं, फादर, कळा देणाऱ्या बाईच्या कानात कुजबुजले तर तिला वाटेल मी कुणाची तरी चुगली करतेय. ते हसले, पण वही घ्यायला लावलीच.

आज राग नाही, भीती आहे. सकाळच्या प्रार्थनेत पहिली ओळ मदरची, दुसरी आमची, तिसरी परत मदरची. तिसरी आलीच नाही. आम्ही सगळ्या शहाण्यासारख्या माना खाली घालून वाट बघत बसलो. मदर ध्यानात असतील, असं वाटलं असणार प्रत्येकीला. मी मान वर केली तेव्हा त्या उजवीकडे कलल्या होत्या आणि ओठाची एक बाजू ओघळली होती.

मी ओरडले. माफ करा, फादर. मास्तरीणबाई पाणी आणायला धावली, तिला म्हटलं पाणी पाजू नकोस, ठसका लागेल, गाडी काढायला सांग. मास्तरीणबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर. कॉन्व्हेंटला दोन हात आहेत, एक शाळा आणि एक आमचं बाळंतपणाचं घर. शाळा तिची, लेबर रूम माझी. आम्ही दोघी एकाच वर्षी आत आलो, एकाच दिवशी व्रतं घेतली, तेव्हापासून आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. आज मात्र ती मुकाट्यानं धावली.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पॅरालिसिसचा झटका आहे, वेळेत आणलंत. जीव वाचला. बाकी काय वाचलंय ते हळूहळू कळेल.

११ फेब्रुवारी

मदरना घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय लाकडासारखा. बोलणं नाही. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलंय, म्हणजे मला लेबर रूममधून येता-जाता बघता येईल.

दादाचा फोन आला होता. त्याला मदर फार आवडतात, कारण त्याची मुलगी त्यांच्याच हातावर जन्मली. तेव्हा मदर मदर नव्हत्या, लेबर रूमच्या सिस्टर होत्या. मी वहिनीबरोबर सोबत म्हणून आले होते. माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं आणि मी बांगड्यांचा विचार करत बाकावर बसले होते. आतून बोलावणं आलं, दिवा धरायला माणूस नाही, या आत. आत वहिनी ओरडतेय आणि या सिस्टर तिला म्हणतायत, "छान करताय, अगदी छान, घाई नाही हं आपल्याला." बाळ बाहेर आलं, काळंनिळं, गप्प. त्यांनी त्याला पालथं घालून पाठ चोळली आणि म्हणाल्या, "या, या, किती वाट बघायला लावलीत." तेव्हा ते रडलं.

मदर कुणालाच अरे-तुरे करत नाहीत. मला त्या दिवशी 'तुम्ही' म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं, आणि मी साधी पोरगी होते. घरी येऊन सांगितलं की मी लग्न करणार नाही, मी तिथे जाणार. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दादा बोलत होता, पण एकच वाक्य, "दोन दिवसांत परत येशील." अजूनही फोन ठेवताना विचारतो, "मग, येतेस ना परत?" मी म्हणते, खोली झाडून ठेव.

१४ फेब्रुवारी

मदर बोलल्या!

दुपारी मी उशी सारखी करत होते, धाकटी औषध मोजत होती. धाकटी म्हणजे आमची सगळ्यांत लहान सिस्टर, लेबर रूममध्ये माझ्या हाताखाली असते. मदरनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. मग खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे ना, उंच पाठीची, ज्यात बसून त्या सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, तिच्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. आणि स्पष्ट म्हणाल्या, "बस."

मी धाकटीकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं. मी गेले आणि बसले त्या खुर्चीत. मदरनी डोळे मिटले, चेहरा शांत.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "असं होतं, सिस्टर. एखादा शब्द अडकून राहतो, मग तोच येतो तोंडात. त्याला अर्थ असेलच असं नाही." मला शिकवताय का, मीपण नर्स आहे. पण त्या खोलीत नव्हत्या. त्यांनी ते डोळे बघितले नाहीत.

१७ फेब्रुवारी

मोठ्या मदरचा फोन आला. त्या आमच्या संघाच्या सगळ्या घरांच्या वरच्या. निवडणूक मार्चच्या वीस तारखेला, त्या स्वतः येणार. मदर आता काम बघू शकणार नाहीत, नवी मदर निवडा. आणि जाता जाता म्हणाल्या, नव्या मदरनं पहिल्या महिन्यात लेबर रूमचा निर्णय घ्यावा. गावात मोठं हॉस्पिटल झालंय, आपल्या सिस्टर्सची वयं झालीत, चालवायचं की बंद करायचं ते ठरवा.

जाता जाता! माणसं अशा गोष्टी जाता जाताच सांगतात.

मास्तरीणबाई मदर झाली तर बंद करणार. ती चार वर्षांपासून म्हणतेय. तिच्याकडे कारणं आहेत, तिच्याकडे नेहमीच कारणं असतात. पण मोठ्या हॉस्पिटलात जायला घाबरणाऱ्या बाया आहेत, नवऱ्याच्या मारानं निळ्या पडलेल्या बाया आहेत ज्यांना 'हे कसं झालं' असं सगळ्यांसमोर विचारून घ्यायचं नाही, लग्नाआधी दिवस राहिलेल्या पोरी आहेत. त्या आमच्या मागच्या दारानं येतात. त्या कुठे जाणार?

म्हणून लिहून टाकते, कारण तोंडानं म्हणायची सोय नाही. आमच्यात मदर व्हायचंय असं म्हणायचं नसतं. मतं मागायची नसतात, कुणाचं नाव पुढे करायचं नसतं, स्वतःचं तर नाहीच नाही. निवडून आल्यावरसुद्धा आधी 'मी योग्य नाही' म्हणायचं. ठीक आहे, म्हणेन. पण मला मदर व्हायचंय. मदरनी मला खुर्चीत बसवलंय आणि मी लेबर रूम बंद होऊ देणार नाही.

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू वर्गाची मॉनिटर व्हायलाही दप्तर फेकून मारलं होतंस." मी म्हटलं, लागलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

मतं मागायची नाहीत, पण घडलेली गोष्ट सांगायला बंदी नाही. भाजी निवडता निवडता स्वैपाकघरातल्या सिस्टरना सहज सांगितलं, मदर मला खुर्चीकडे बघून बस म्हणाल्या. त्यांना सांगितलेलं जेवणाच्या घंटेआधी घरभर होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

झालं भलतंच. मास्तरीणबाई म्हणाली, "मलापण म्हणाल्या. मी शाळेचा वार्षिक अहवाल वाचून दाखवत होते. दुसऱ्या पानावर म्हणाल्या, बस. मी समजले, पुरे." सगळ्या हसल्या. मला हसू आलं, पण मी आवरलं.

स्वैपाकघरातल्या सिस्टरचं तर तिसरंच. त्यांच्या मते मदरना बस हवीय, रस्त्यावरची. आजारी माणसाला माहेरची ओढ लागते म्हणे. त्यांनी मदरना चाकाच्या खुर्चीत घालून फाटकापाशी नेलं. बस आली, धूर सोडून गेली. मदरनी डावा हात हलवला आणि म्हणाल्या, "बस." आता त्या रोज दुपारी नेणार आहेत. मी म्हटलं, धुरानं खोकला होईल. त्या म्हणाल्या, "तू नको सांगू, आनंदानं कुणी मेलं नाही अजून."

माझा अर्थ खरा आहे. पण तीन अर्थांच्या गर्दीत तो जरा बारीक दिसायला लागला.

२५ फेब्रुवारी

पायाळू बाळंतपण, पहाटेपासून. सगळं नीट झालं. मुलगी. आईनं माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की वळ उठलेत.

धाकटीच्या हातातून ट्रे पडला, सगळी हत्यारं जमिनीवर, परत उकळायला लागली. झापलं तिला. उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. नंतर हात धुताना काहीतरी सांगत होती, सिस्टर, मला जरा बोलायचंय, रात्रपाळीचं. मी म्हटलं, आधी चहा घे, मग बोलू. मग दुसरी बाई आली आणि राहून गेलं. डोळे लाल दिसले तिचे, बहुतेक सर्दी.

आजकालच्या मुली नाजूक. माझ्या वेळी मी आणि मदर सलग दोन रात्री उभ्या असायचो आणि तिसऱ्या दिवशी कपडे धुवायचो.

२ मार्च

मास्तरीणबाईशी भांडण झालं. चादरींच्या खोलीत, म्हणजे निदान कुणी ऐकलं नसावं. ऐकलंही असेल.

ती घडी घालत होती. म्हणाली, "तुला ती खुर्ची हवीय."

"हो, हवीय."

तिला हे अपेक्षित नव्हतं. चादर तशीच धरून राहिली. "निदान नाही तरी म्हण."

"खोटं कशाला बोलू? तुला नकोय?"

"मला मेलीला कशाला हवीय? मला शाळाच झेपेनाशी झालीय. पण लेबर रूम बंद करायला कुणीतरी लागेल, आणि तू करणार नाहीस."

"मदरनी मला बसवलंय."

तिनं चादर खाली ठेवली. आणि तो वर्गातला आवाज काढला, मुलांची चूक पाठ करून घेतानाचा. "मदरनी जन्मात कुणाला अरे-तुरे केलंय?"

मी पुढची चादर उचलली.

"मांजराला हाकलताना 'व्हा बाहेर' म्हणतात त्या. दूधवाल्याला 'घ्या', पोस्टमनला 'या'. तुला खुर्चीत बस म्हणायचं असतं तर म्हणाल्या असत्या 'बसा'. बसा, बाई, बसा! 'बस' म्हणजे बस नाही. 'बस' म्हणजे पुरे. नाहीतर काहीच नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात तसं."

मी म्हटलं, झटका आलेल्या माणसाचं व्याकरण कुठून राहणार? काना-मात्रा गळून पडत असेल.

"असेल," ती म्हणाली. "पण तुला किती सोयीचा काना गळला बघ."

निघताना तिनं विचारलं, "बरं, लेबर रूम चालवतं कोण?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "तू आणि कोण?" आणि हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. सगळ्या घराला ठाऊक आहे कोण चालवतं.

६ मार्च

मदरचा व्यायाम घेते रोज. पाय वर, पाय खाली. आज त्या घामानं भिजल्या, मी म्हणतेय, अजून एकदा, लावा जोर. "बस," म्हणाल्या. मी अजून एकदा करून घेतलं. "बस." अजून एकदा. मग त्यांनी डाव्या हातानं माझा हात बाजूला केला. रागानं नाही, पण केला.

इथे तरी अर्थ पुरे असाच होता. इथे.

९ मार्च

धाकटी परत म्हणाली, बोलायचंय. मी म्हटलं, वीस तारीख होऊ दे गं बाई, मग तुझं सगळं ऐकते. थोडी कळ काढ, जोर लाव. ती "बरं" म्हणाली.

१२ मार्च

आज एक बाई गेली असती.

दुपारची वेळ, बाळ नीट आलं, वार पडली, आणि मग रक्त थांबेना. पोट दाबतेय, इंजेक्शन दिलं, एका हातानं सलाईन लावायचं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. धाकटीला हाक मारली. परत मारली. फादरना चॅपलमध्ये नाही, पलीकडच्या गावात ऐकू गेली असेल. धाकटी नाहीच. स्वैपाकघरातल्या सिस्टर आल्या धावत, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी धावत, हाताला पीठ. त्यांनी सलाईन उंच धरलं आणि बाईला म्हणाल्या, "माझ्याकडे बघ गं, मी किती घाबरलेय बघ, मग तुला बरं वाटेल." मास्तरीणबाईनं शाळा सोडून गाडी आणली. मोठ्या हॉस्पिटलात पोचलो. वाचली. रक्त चढवलं तिथे. आमच्याकडे रक्त नसतंच.

परत आले ती संतापानं पेटून. धाकटीची खोली रिकामी, पिशवी नाही. फाटकाबाहेर बसथांब्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. मी रस्त्यातूनच सुरू केलं. काय काय बोलले लिहीत नाही. एक बाई मरत होती आणि तू इथे, वगैरे. आणि त्याहून वाईट.

ती उभी राहिली. म्हणाली, "बस. बस झालं, सिस्टर."

मला असं कुणी म्हणालेलं नाही. मी बसले, बाकावर, तिच्या शेजारी.

म्हणाली, सकाळपासून इथे आहे. चार बसेस गेल्या, चढता येत नव्हतं आणि परत फाटकातही येता येत नव्हतं. म्हणाली, डिसेंबरपासून रात्रपाळी मी एकटी करते, आणि दिवसाही. "मी तुम्हाला तीनदा सांगायला आले. एकदा तुम्ही म्हणालात चहा घे. एकदा म्हणालात तुमच्या वेळी तुम्ही दोन रात्री उभ्या असायचात. एकदा म्हणालात जोर लाव." मग म्हणाली, "त्या दिवशी ट्रे पडला ते बरं झालं. त्याच्या आदल्या रात्री मी बाळ हातात घेऊन झोपले होते. उभी. कुणाला सांगितलं नाही."

मी त्या बाकावर बसून रडले. रडण्याला कारणं दोन होती. एक धाकटी. दुसरं हे, की मास्तरीणबाई का हसली ते कळलं.

पिशवी मी उचलली. तिला म्हटलं, येतेस का, नाही आलीस तरी मी रागावणार नाही. आली.

१३ मार्च

सकाळी सगळं परत वाचलं. पंचवीस तारखेचं पान वाचून वही फेकावीशी वाटली. 'बहुतेक सर्दी.' नर्स म्हणे मी!

मदरजवळ जाऊन बसले. खुर्चीत नाही, पलंगाच्या काठावर. म्हटलं, मदर, तुम्ही मला बस म्हणालात ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्रेमानंच बघितलं, आणि म्हणाल्या, "बस." मग चमच्याकडे बघितलं, म्हणाल्या, "बस." मग खिडकीवरच्या कबुतराकडे.

कबुतराला कुणी मदर करत नाही.

मला या बाईंचा आवाज परत ऐकायचाय. 'घाई नाही हं आपल्याला' ऐकायचंय. ते कधीच येणार नाही. आत्तापर्यंत मी निवडणुकीच्या नादात होते, आज पहिल्यांदा हे कळलं. दुपारपर्यंत काम सुचलं नाही.

१६ मार्च

रात्रपाळी मी घेतेय. धाकटी झोपतेय. उठते, जेवते, परत झोपते. स्वैपाकघरातल्या सिस्टर म्हणतात, "आता बाळंतीण झाल्यासारखी दिसतेय."

चार दिवसांत माझं डोकं जड, मघाशी इंजेक्शनची बाटली दोनदा वाचावी लागली. मी रडत नाहीय, हिशेब मांडतेय. रक्त नाही, डॉक्टर हाकेवर नाही, माणसं दोन, त्यातलं एक पोखरलेलं आणि दुसरं म्हातारं व्हायला लागलेलं. ते दुसरं म्हणजे मी. बारा तारखेला गाडी पंक्चर असती तर?

पण मागच्या दारानं येणाऱ्या बाया? याचं उत्तर मिळत नाही. कितीही उलटसुलट केलं तरी मिळत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही धरता येत नाही.

२० मार्च

निवडणूक झाली. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मीच विश्वास ठेवायची नाही.

चॅपलमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली, मग सभागृहात. मोठ्या मदर समोर. चिठ्ठ्यांच्या आधी आमच्यात प्रत्येकीनं बोलायचं असतं, या घराला काय हवंय ते. कुणाचं नाव घ्यायचं नाही. नेहमी सगळ्या 'प्रार्थना वाढावी, प्रेम वाढावं' म्हणतात आणि खाली बसतात. मास्तरीणबाई म्हणाली, छप्पर गळतंय. बरोबर आहे तिचं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मदर मला खुर्चीत बस म्हणाल्या असं मी घरभर पसरवलंय. ते रद्द करा. त्या 'बसा' म्हणाल्या असत्या. दुसरं, मला लेबर रूम चालू ठेवायचीय. रात्री माझ्याबरोबर कोण उभं राहील? मी धाकटीला विचारत नाहीय, तिच्या वाटचं तिनं केलंय. बाकीच्यांना विचारतेय.

कुणी वर बघेना. स्वैपाकघरातल्या सिस्टर म्हणाल्या, "मी सलाईन धरलं असतं गं. पण गुडघे..." आणि गुडघा चोळत राहिल्या. शाळेच्या दोघी जमिनीकडे बघत होत्या. मी थांबले. चांगली थांबले. मला थांबता येतं, मी लेबर रूमची बाई आहे. कुणीच नाही.

मग मी म्हटलं, मग बंद. जी कुणी मदर होईल तिच्या डोक्यावर हे ओझं नको, मी इथेच सांगते. आता ज्या बाया आहेत त्यांचं होऊ दे, नवीन घ्यायच्या नाहीत. आवाज चिरकला माझा. धाकटी रडत होती, मास्तरीणबाई छपराकडे बघत होती.

चिठ्ठ्या टाकल्या. मी मास्तरीणबाईचं नाव लिहिलं, मनापासून. मदरचं मत घ्यायला दोघी त्यांच्या खोलीत गेल्या, रिकाम्या हातानं परत आल्या. एकीनं हळूच सांगितलं काय उत्तर मिळालं ते, आणि मोठ्या मदरसुद्धा हसल्या.

पहिल्याच फेरीत झालं. माझं नाव.

मोठ्या मदरनी विचारलं, स्वीकारता का? मला त्या वेळी 'मी योग्य नाही' म्हणायचं होतं. ठरवून ठेवलं होतं महिनाभर, नम्र चेहरा करून म्हणायचं. ते खरं निघेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "योग्य नाहीय. पण करते." असं म्हणत नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी चादरींच्या खोलीत मास्तरीणबाईला गाठलं. "तू कुणाला दिलंस?"

"गुप्त असतं ते."

"दिलंस ना मला? का?"

ती घडी घालत राहिली. "बंद मीही केलं असतं. मला काही वाटलं नसतं. मग वाटलं, जिला काही वाटणार नाही तिनं करू नये." मग म्हणाली, "चादरीचं दुसरं टोक धर, मदर. नुसती उभी राहू नकोस."

२ एप्रिल

बोर्ड उतरवला. धाकटीनं स्क्रू काढले, मी शिडी धरली. भिंतीवर बोर्डाएवढा पांढरा चौकोन राहिलाय. रंग द्यायला हवा.

दुपारी एक बाई आली, जिची आधीची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. मागच्या दारानंच आली, पोट पुढे, डोळ्याखाली जुनी निळी खूण. म्हणाली, "मेमधली तारीख आहे, सिस्टर. तुम्हीच असाल ना?"

मी सांगितलं. उभं राहून नाही, तिला बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. बंद झालं. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल.

तिला आधी कळेनाच. मग म्हणाली, "पण आता तुम्ही मदर झालात ना? लोक म्हणतात तुम्हीच मोठ्या आता इथल्या."

"हो."

"मग मदर झालात कशाला?"

असं कुणी विचारेल हे मला माहीत होतं. म्हटलं, "हे तुला सांगायला. दुसऱ्या कुणाला सांगायला लागू नये म्हणून."

ती माझ्यावर भडकली. बरंच बोलली, तिला बोलायचा हक्क होता, मी ऐकून घेतलं. शेवटी थकली. म्हणाली, तिथे ते विचारतील हे डोळ्याला काय झालं. सगळ्यांसमोर विचारतील. मी म्हटलं, मी येईन बरोबर. म्हणाली, "आत सोडतील तुम्हाला?" मी म्हटलं, सोडतील.

म्हणून चहाच्या आधी मोठ्या हॉस्पिटलात गेले. लेबर रूमच्या हेडनर्सबाई, चांगल्या आहेत, कडक आहेत, मी असते तशा. म्हणाल्या, नातेवाईकसुद्धा बाहेर थांबतात. मी म्हटलं, मी नातेवाईक नाही. "मग तर प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या येते परत. त्या म्हणाल्या, या, पण उत्तर हेच असेल.

धाकटी म्हणतेय, मीपण येते, दोघी असलो तर बरं. नेईन. मे यायला अजून वेळ आहे, आणि ही एकच बाई नाही, मागच्या दाराची वाट पुष्कळजणींच्या पायाखालची आहे, त्या येत राहणार आणि मी त्यांना नाही म्हणत राहणार आणि मग त्यांच्याबरोबर जाणार. उद्या परत जायचं. परवा परत. हेडनर्सबाई मला अजून ओळखत नाहीत.